सोंडे लागलेला मका न जाळता परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
विभागीय बियाणे सुधार कार्यालय,
ला एस्पेरान्सा, होन्डुरास.

विषय : पोर्तिल्यो गावचे जुने मका बियाणे आहे त्या स्थितीत परत मिळणेबाबत.

संदर्भ : "सदर बियाण्यास सोंडे लागल्याने ते सोमवारी जाळण्यात येईल" असे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार ओबदुलिया मानुएलेस, राहणार पोर्तिल्यो, धंदा रस्त्यावर तोर्तिया म्हणजे मक्याच्या भाकऱ्या विकणे, नम्रपणे कळविते की, गतवर्षी आपण सोंड्यांना दाद न देणारा मका तयार केल्याचे जाहीर केले व त्याच्या बदल्यात घरोघरचे जुने बियाणे गोळा करून नेले. त्या समारंभात आपण मेलेले सोंडे तळहातावर घेऊन गावाला दाखविले आणि तोच हात न धुता अर्जदाराच्या टोपलीत घातला. तोर्तिया जुन्या मक्याच्या होत्या. आपण सहा खाल्ल्या. उरलेली टोपली अर्जदारास डुकरांना घालावी लागली.

नवा मका सोंडे खात नाहीत हे खरे आहे. तो डुकरेही खात नाहीत. चुन्याच्या पाण्यात दिवसभर उकडला तरी मऊ होत नाही, जळण मात्र ढीगभर जाते. गिऱ्हाईक विचारते, "बाई, ही खायची की चपलेला ठोकायची?" अर्जदाराच्या सासूबाई दोन्या क्लेओफे यांचा उरलासुरला पुढचा दात त्यात गेला. तक्रार केली असता आपले सहायक श्री. वाल्तेर त्यांना म्हणाले, "आजी, किडा तोंड लावत नाही, म्हणजे मका पास." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे किड्याला अक्कल आहे म्हण की. तो जे थुंकतो ते मला वाढतोस होय रे?" श्री. वाल्तेर यांनी हे 'लाभार्थी समाधानी' म्हणून नोंदविले. अर्जदारास या सगळ्याची शिसारी आली आहे.

संदर्भीय पत्र मिळताच अर्जदार आपल्या गोदामात येऊन गेली. आमची पोती व नव्या मक्याची पोती एकमेकांना टेकून ठेवलेली आहेत. नव्या पोत्यांवर नुसती धूळ, आणि आमच्या पोत्यांत सोंड्यांची जत्रा. आमच्या घरी हीच कणसे चुलीवरच्या धुरात टांगलेली असत आणि पेरणीपर्यंत बिनबोभाट टिकत. सोंड्यांचा बंदोबस्त करण्यासाठी जे कार्यालय उघडले, त्याच्याच गोदामात सोंडे माजावेत आणि जाळायचे ते आमचे बियाणे, याला काय म्हणावे हे अर्जदारास सभ्य भाषेत सुचत नाही.

गावात या बियाण्याचा दुसरा दाणा शिल्लक नाही. पाऊस तोंडावर आला आहे. या पेरणीला ते मातीत पडले नाही तर ते कायमचे गेले. सबब पोती जाळू नयेत, सोंड्यांसकट परत द्यावीत. चाळून, पाखडून शाबूत दाणे वेगळे काढायला गावच्या बायका समर्थ आहेत.

पोत्यांची वाट पाहत असलेली,
आपली नम्र,
ओबदुलिया मानुएलेस
दि. २४ एप्रिल

सोबत : नव्या मक्याची तोर्तिया, एक. ही साहेबांनी स्वतः खावी. खाऊन संपल्यास पोती खुशाल जाळावीत.