जेवणानंतर एक गोळी

१८ फेब्रुवारी १९७४, वाशीम

आजपासून औषधोपचार. डॉ. बबनराव यांचे निदान: औदासीन्य. हा विकार रासायनिक स्वरूपाचा असून पत्नी भागिरथेच्या निधनाशी त्याचा संबंध जोडणे अशास्त्रीय आहे. (पाच आठवडे झाले. सहज नोंद.) बबनराव माझेच विद्यार्थी, इंग्रजीत छत्तीस गुण. तरीही त्यांना संधी देण्याचे ठरविले.

बाटलीवर लेबल आहे: ‘जेवणानंतर एक गोळी. दिवसातून दोन वेळा.’ बावीस वर्षे मी मुलांना ‘आधी सूचना वाचा’ असे बजावत आलो आहे. सूचना तीनदा वाचली. तंतोतंत पाळणार. तीन आठवड्यांत प्रसन्न होण्याचा संकल्प. वार्षिक परीक्षा आठ एप्रिलला, तोवर रजा.

२४ फेब्रुवारी

परिणाम शून्य. शिस्त शंभर टक्के. दिवसभरात चहा चार वेळा, केळी दोन, मूठभर फुटाणे उभ्याउभ्या.

शाळेचा शिपाई धनसिंग कागदांवर सह्या घ्यायला आला. म्हणाला, “सर, लय वाळून राह्यले तुमी. धुरपता म्हणते, डबा पाठवू काय?” धुरपताबाई त्याच्या पत्नी. सौजन्याने नकार दिला. मुख्याध्यापकाने शिपायाच्या घरचा डबा स्वीकारणे कार्यालयीन शिस्तीत बसत नाही.

३ मार्च

संस्थेचे अध्यक्ष दौलतराव सांत्वनास आले. दीड तासात ‘हिंमत ठेवा’ हे वाक्य त्यांनी अकरा वेळा उच्चारले. मी मोजत होतो. माझी हिंमत सातव्याला संपली. जाताना प्रश्नपत्रिका छापून आल्या का, असे विचारले. एवढेच विचारायला आले असते तर दीड तास वाचला असता.

औषध निष्प्रभ.

११ मार्च

तीन आठवडे पूर्ण. दवाखान्यात जाऊन उपचार नापास झाल्याचा रिपोर्ट दिला. बबनराव म्हणाले, “सर, गोळ्या नेमानं घेता न् तुमी?” मी उत्तरलो, सूचनेचे एकदाही उल्लंघन झालेले नाही. हे शब्दशः सत्य आहे.

त्यावर त्यांनी पुढचे मार्ग सांगितले. आधी डोस दुप्पट. त्याने भागले नाही तर दुसरी गोळी. मधूनमधून हवापालट. आणि सर्वांत शेवटी अकोल्याला विजेचे शॉक. विद्यार्थीदशेत त्यांनी एका प्रश्नाची चार उत्तरे लिहून मला एक निवडायला लावले होते, त्याची आठवण झाली.

नवी बाटली मिळाली. ‘जेवणानंतर दोन.’ पहिलीच्या शेजारी फळीवर ठेवली.

१७ मार्च

दुप्पट डोसही लागू पडला नाही. तोंडाला कोरड पडेल, झापड येईल, असे बजावले होते, तेही नाही. इतके निरुपद्रवी औषध मी पाहिलेले नाही. शास्त्रावरचा विश्वास डळमळू लागला आहे.

आहार: चहा, केळे, काल उरलेले फुटाणे.

२१ मार्च

गोळी बदलली. आता गुलाबी. फळीवर तीन बाटल्या, उंचीच्या क्रमाने.

२८ मार्च

गुलाबी गोळीही नापास. बबनरावांनी अकोल्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली: पाच एप्रिल.

मला शॉकचे भय नाही. मात्र धनसिंग सांगत होता की त्याच्या साळ्याला, सेवादासला, शॉक दिले. माणूस ठणठणीत होऊन परतला, आता नांगर धरतो. “फक्त आठ दिवस बायकोले इचारत होता, बाई, तुमी कोणाच्या?” धनसिंग हसला. मी हसलो नाही. शाळेच्या कागदांवर सह्या करीत होतो. एका कागदावर दोनदा झाली.

खबरदारी म्हणून आवश्यक ज्ञान वहीत उतरवून ठेवले. प्रथम पायथागोरस. नंतर संस्थेची घटना. मग, केवळ नमुन्यादाखल, काही घरगुती तपशील: मी डावखुरा असल्यामुळे भागिरथा मीठ ताटाच्या उजव्या बाजूस वाढते. वाढत असे. पाहुणे हसत, तरी बदलले नाही. “अवो, वाढू काय?” असे विचारी आणि उत्तराआधीच वाढी. डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण.

पायथागोरसला तीन ओळी लागल्या. नमुन्याला साडेचार पाने.

१ एप्रिल

धनसिंग आणि धुरपताबाई रामनवमीसाठी पोहरादेवीला निघाले, मला सोबत घेऊन. मी छप्पन्न साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. दर्शनाचा प्रश्नच नव्हता. परंतु हवापालट वैद्यकीय सल्ल्यात समाविष्ट आहे, आणि हवा कोठली घ्यावी हे लेबलवर लिहिलेले नाही.

एस.टी.त मानोऱ्यापर्यंत एका पायावर उभा. दुसरा कोणाच्या तरी गाठोड्यावर.

दुपारी पंगत बसली. मी निरीक्षक म्हणून उभा राहिलो. धुरपताबाई म्हणाल्या, “निरीक्षक जेवत नाही काय? बसा मुकाट्यानं!” पत्रावळीवर पोळी, वरण, गुळाची लापशी. मीठ डाव्या बाजूस. “अजून वाढू काय, सर?” असे त्यांनी विचारले तेव्हा डोळ्यांत धूर गेला. चुली बऱ्याच होत्या. लापशी तीनदा घेतली.

जेवण होताच नियमाप्रमाणे खिशात हात घातला. बाटली वाशीमला! सहा आठवड्यांतला पहिला नियमभंग. अत्यंत लाजिरवाणे.

३ एप्रिल

बबनराव अकोल्याचे पत्र घेऊन घरी आले. तिकडे दाखविण्यासाठी बाटल्या मागितल्या. पहिली उघडली. दुसरी उघडली. तिसरी हलवून पाहिली.

“सर, कापूससुद्धा जागचा हालला नाही.”

मी लेबलकडे बोट दाखविले. जेवणानंतर.

“मंग?”

मी शांतपणे स्पष्ट केले. पाट, ताट, उजव्या बाजूस मीठ, आणि वाढू काय असे विचारणारे माणूस. याला जेवण म्हणतात. केळ्याला म्हणत नाहीत. जानेवारीपासून या घरात जेवण झालेले नाही. झाले ते एकदाच, पोहरादेवीला, तेही मीठ चुकीच्या बाजूस असताना. त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली.

बबनरावांनी बाटल्या परत फळीवर ठेवल्या. मग अकोल्याचे पत्र घडी करून खिशात घातले. “सर, तुमाले शॉक कायचा देऊ? तुमी पेपरच लिहिला नाही अजून.” लेबल खोडून त्यांनी नवे लिहिले: ‘काहीही खाल्ल्यावर. पण खायचे.’

एवढी स्पष्ट सूचना आधीच दिली असती, तर माझे सहा आठवडे वाचले असते. छत्तीस गुणांवर मी ठाम आहे.

५ एप्रिल, सकाळी ११

स्वयंपाक केला. भात कच्चा, वरणात हळद नाही. ताट मांडले. “वाढू काय?” असे मोठ्याने विचारून पाहिले. दारातून धनसिंग म्हणाला, “नाही सर, मी जेवून आलो.”

तरी बसवले. दुसरे ताट मांडले. कार्यालयीन शिस्तीचे नंतर पाहू.

“सर, मीठ इकडं काहून?”

माझ्या घरी तसेच वाढतात, असे सांगितले.

एक गोळी घेतली.

दुपारी ४

तोंडाला कोरड. झापड. औदासीन्य पूर्ववत. तीन आठवडे आजपासून मोजायचे आहेत.