आईच्या बाजूचं पान

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
बारकीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझी ठकी माझ्याकडे नीट रुळली आहे. माझा टॉवेल वापरते, माझी चप्पल घालून कॉलेजला जाते आणि वर मलाच विचारते, मावशी, तुझी एकही वस्तू कधी जागेवर कशी नसते. तेव्हा लेकीची काळजी सोड. करायचीच तर माझी कर.

संध्याकाळी ती माझ्या नाट्यलेखनाच्या वर्गाला येऊ लागली आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमची खोली. खाली ठोकाठोक सुरू झाली की खिडक्या लावायच्या आणि उकडायला लागलं की उघडायच्या, यातच माझा अर्धा जीव जातो. मुलं शहराच्या कानाकोपऱ्यातून येतात. एक शिंपीण आहे. दिवसभर काजं करून येते, पण लिहिते फार मोजकं आणि छान. एक पार्सलवाला आहे. त्याच्या नाटकात पहिल्याच पानावर सगळे मरतात. मी त्याला म्हटलं, बाबा रे, निदान दुसऱ्या पानापर्यंत कुणाला तरी जगव.

वर्गाचा एक नियम मी पहिल्याच दिवशी सांगते. नाटकातल्या ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त राग, त्याला एक अख्खं पान द्यायचं आणि त्या पानावर त्याचंच बरोबर असलं पाहिजे. नाहीतर ते नाटक नव्हे, नुसतं भांडण.

आता मुद्द्यावर येते. ठकीच्या नाटकात एक मुलगी शेवटचा पेपर देऊन वसतिगृहातून घरी येते. खोलीत शेजाऱ्यांच्या खुर्च्या मांडलेल्या. वडील आधीच गेलेले आणि आईने तिला कळवलेलं नाही. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं, त्यांच्याबद्दल ही माझ्याशी चकार शब्द बोललेली नाही आणि इथे सगळं लिहून मोकळी झाली. लिहिलंय अगदी नेमकं. फक्त आईचं पान कोरं आहे. मी परत पाठवलं, तर पुन्हा कोरंच घेऊन आली.

म्हणून तुला विचारते. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, ते चार ओळींत कळवशील का? तिला लिहायला आधार होईल. मार्चअखेर प्रयोग आहे.

दुकानात दिवसभर उभी राहू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
बारकी

*

दि. १७ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानातच वाचलं. एका आजोबांच्या चष्म्याची काडी बसवत होते. वाचता वाचता स्क्रू हातातून पडला, तो शोधायला मी आणि ते आजोबा दोघंही जमिनीवर. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि मलाही नीट दिसत नव्हतं.

तू लहानपणापासून अशीच. कुणी पडलं की ते कसं पडलं हे आधी बघायचीस, मग हात द्यायचीस. तुला माझी विचारपूस करायची आहे की वर्गासाठी संवाद हवे आहेत, ते एकदा ठरव.

सांगण्यासारखं काही नाही. तिची वार्षिक परीक्षा होती. उठून आली असती तर वर्ष बुडालं असतं आणि येऊनही हे काही राहिले नसते. मी सगळ्यांना हेच सांगितलं, तिलाही हेच सांगितलं. कुठल्याही आईने दुसरं काय केलं असतं?

झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ तू चार लोकांत उघडू नकोस. तिला दुसरं नाटक लिहायला सांग. तुझं ऐकेल. मला फोनवर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’, एवढे तीनच शब्द मिळतात.

बाकी क्षेम. तू राग धरू नकोस. मी धरला आहे तेवढा दोघींना पुरेल.

तुझी,
ताई

*

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते लागलं, कारण ते खरं आहे. ती तुझ्याकडे मागायची गोष्ट नव्हती. या कामाची वाईट सवय लागली आहे. समोर कुणी रडलं की माझ्या मनात येतं, हे कुठल्या प्रवेशात बसेल. चुकले.

पण दुसरं नाटक लिही, असं मी ठकीला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. का ते ऐक.

आमच्याकडे ज्याचं पान अडतं त्याला पुढे खुर्चीत बसवतात. त्याने ते पात्र व्हायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. परवा ठकीची पाळी होती. ती आई होऊन बसली आणि ताई, ती थेट तुझ्यासारखी बसली, खुर्चीच्या कडेवर, आता लगेच उठायचं आहे अशी. पार्सलवाल्याने विचारलं, आपला धंदा काय. तिने काचा, काड्या, नंबर सगळं धडाधड सांगितलं. कुणी विचारलं, मुलगी कशी आहे. म्हणाली, हट्टी, बापावर गेली आहे. सगळे हसले, तीही हसली. मग शिंपिणीने हळूच विचारलं, परीक्षेमुळेच कळवलं नाहीत का?

ठकी कडेवरून मागे सरकून नीट बसली. म्हणाली, “परीक्षेमुळे नाही. पण कशामुळे, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर मी हे लिहायला घेतलंच नसतं.” आणि उठून खाली निघून गेली.

घरी आल्यावर तिने मला सांगितलं, या सुट्टीत घरी जाणार नाही, आणि पुढच्याही सुट्टीचं कुणी धरून चालू नये. तिचं म्हणणं असं, की तू परीक्षेचं कारण सांगतेस आणि तिला ते पटल्याचं सोंग करावं लागतं. असं सोंग घेऊन तुझ्यासमोर बसणं तिला आता जमत नाही. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, मावशी, वर्ग संपलाय, आता शिकवू नकोस.

नाटक राहू दे बाजूला. मला काहीच कळवू नकोस. पण तिला लिही आणि खरं असेल ते लिही. मुलगी हातची जाईल ग ताई. मला भीती वाटते.

जशी आहे तशी तुझीच,
बारकी

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दुकान आज बंद ठेवलं आहे. हे पत्र मावशीच्या वर्गासाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

परीक्षेचं कारण सोयीचं होतं. ऐकणारा लगेच मान डोलावतो आणि पुढे काही विचारत नाही. तू मान डोलावली नव्हतीस, ते मी तेव्हाच पाहिलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फार तर एखाद-दोन दिवस. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि फोन हातात घेतला. तुझा नंबर काढायचा आणि फोन खाली ठेवायचा, असं चाललं होतं. खरं सांगायचं तर तुझा पेपर माझ्या डोक्यातही नव्हता. डोक्यात एवढंच होतं, की तू आलीस की हे तुझ्याकडेच बघतील. नेहमी तसंच व्हायचं. तू दारात दिसलीस की यांच्या हातातलं काम सुटायचं, मग मी मध्येच बोलत असले तरी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. पण लग्न झाल्यापासून दुकान, गिऱ्हाइकं, तुझ्या आजीचं आजारपण, या सगळ्यात आम्ही दोघंच असे कधी बसलो होतो? ते शेवटचे दिवस मला माझे एकटीचे हवे होते. आणि तू आली असतीस, रडली असतीस, तर तुला धरायला मला उठावं लागलं असतं. मला त्यांचा हात सोडायचा नव्हता, ठकी.

बाबांनी तुझं नाव घेतलं का, हे तू विचारशील. घेतलं. मी म्हटलं, पेपर झाला की येते आहे. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

मी माफी मागायला बसलेली नाही. तुझ्याइतकेच ते माझेही होते. तू काय ठरवायचं ते ठरव. नाटक कर, माझी ना नाही.

आशीर्वाद आहेतच. तू परत पाठवलेस तरी मी ते ठेवून घेणार नाही.

तुझी,
आई

*

दि. ५ मार्च

ती. आईस,
ठकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मावशीला वाचू दिलं नाही. ती दारात उभी राहून एकच पातेलं पुसत होती, शेवटी मीच म्हटलं, चकाकलं ते, ठेव आता.

बाबांनी माझं नाव घेतलं, तिथपर्यंत वाचलं. पुढचं वाचायला दुसरा दिवस लागला. मला तुझा फार राग आला. अजून आहे. पण इतके दिवस मी कशावर रागावले आहे तेच मला कळत नव्हतं. आताचा राग घेऊन मला तुझ्यासमोर बसता येईल.

नाटकात तुझं एकही वाक्य घेतलेलं नाही. मावशी नियमावर अडून बसली होती. मी सांगितलं, पान मिळालंय, पण ते माझं आहे, वर्गाचं नाही. ती माझ्या केसांवरून हात फिरवून गेली. आता त्या प्रवेशात आई बाकावर एकटी बसते, फोन हातात घेते आणि खाली ठेवते. एवढंच. तुझ्या पत्रातलं तेवढं घेतलं आहे, नको असेल तर कळव, काढून टाकेन.

शिंपीण तुझं काम करते आहे. तिने विचारलं, फोन किती वेळ धरू? मी म्हटलं, आता ही लावणारच, असं लोकांना वाटेपर्यंत धर आणि मग ठेव. काल तालमीत तिने फोन ठेवला तेव्हा पार्सलवाला न राहवून ओरडला, अहो, लावा की! कुणी हसलं नाही. मी जिन्यात जाऊन बसले आणि पहिल्यांदा पोटभर रडले.

आई, एक गोष्ट मात्र तू चुकीची धरलीस. मी आले असते तर तुला उठावं लागलं असतं, असं तू लिहितेस. मी विशीची होते ग. मी तुला उठवलं नसतं. तू बाबांचा हात धरून बसली असतीस आणि मी मागून तुला धरलं असतं. तुला धरायला तिथे कुणीच नव्हतं, हे मला वर्षभर सुचलंच नाही.

सुट्टी लागली की येते.

रागावलेली, तुझीच,
ठकी