सोवळ्यातली पोट्टी

आई, काल मी एका भरल्या घराचा नैवेद्य बाटवला. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातच, तू जिथे स्वयंपाक करायचीस त्याच गल्लीत. महालक्ष्म्यांचं जेवण होतं आणि मला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. मी टेकते न टेकते तोच तुझं कौतुक सुरू झालं. काय ती पुरणपोळी, काय तो हात, आणि पोरीला लहानपणापासून कसं वळण लावलं! एवढंच असतं तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. पण नजर स्वयंपाकघरात गेली. पोलपाटाशी माझ्या चौथीच्या वर्गातली पोट्टी बसली होती. सकाळी तिचा तिमाहीचा पेपर होता, आणि तिची रिकामी जागा पाहूनच मी शाळेतून आली होती.

"ही इथे काहून?" मी घरच्या काकूंना विचारलं. काकू अगदी सहज म्हणाल्या, "स्वयंपाकवाल्या बाईची आहे. आई भाज्या पाहून राहिली, ही पोळ्या लाटते. मोठ्या बाईचं काही सांगता येते का, कधी बाजूला बसेल. लहान पोट्टीची ती भानगड नाही. सोवळ्यात केव्हाही चालते."

हेच शब्द होते ना, आई? माझ्यासाठीही हेच. राज्य नवीन झालं, आपलं शहर राजधानी झालं, भोपाळहून साहेबलोक आले, घराघरांत पाहुणे वाढले आणि स्वयंपाकाच्या बायकांना उसंत राहिली नाही. बाबा नव्हते, तुला घरं सोडणं परवडणारं नव्हतं. मग दर महिन्याला तू बाजूला बसलीस की तुझ्या जागी मी जायची, एकटी, आठ वर्षांची. ओट्यापर्यंत हात पोचत नसे म्हणून पाटावर उभी राहून मी भाताचं पातेलं उतरवते आहे, पेज मनगटावर सांडते आहे आणि कुणी तरी म्हणतं आहे, "अगं, भात सांडला नाही ना?" तो डाग अजून आहे. घरी येऊन तुला दाखवला तर तू दुरूनच म्हणालीस, "रडू नको. उद्या कणीक सैल भिजव, हाताला त्रास होणार नाही." बाजूला बसलेली ना तू, जवळही घेतलं नाहीस. तेव्हाचा राग आला की आजही माझं डोकं फिरते.

पाचवीत असताना गुरुजींनी स्पष्ट सांगितलं होतं, तिमाही बुडाली तर नाव काटून टाकतो. आणि पेपर नेमका महालक्ष्म्यांच्या दिवशी. इथल्या शाळेला आपल्या महालक्ष्म्यांची कसली सुट्टी? तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "देवीचं काम आहे, असं बोलू नये." देवीचं कसलं, ज्यांच्या घरी रांधायचं त्या काकूंचं काम होतं ते! मी पहाटे ओल्या केसांनी तुझ्यासोबत गेली, पुरणाला हात लावला, पोळ्या लाटायला बसली. दप्तर मात्र गुपचूप बाहेर ओसरीवर आणून ठेवलं होतं. आणि शाळेची वेळ होत आली तशी उठून सगळ्यांदेखत मोठ्याने बोलली, "मले कावळा शिवला."

केवढा हलकल्लोळ! पुरण गेलं, कढी गेली, सोळा भाज्या गेल्या. तू फाडकन माझ्या कानाखाली लावलीस, आणि मग तुलाच परत आंघोळ करावी लागली. मी दप्तर उचललं आणि पिठाच्या हातांनी पळत सुटली. पेपर दिला. पास झाली. खोटं बोलली होती, शंभर टक्के खोटं, आणि उद्या तीच वेळ आली तर परत बोलीन.

त्या रात्री तू माझा फ्रॉक धुतलास. काही विचारलं नाहीस. दुसऱ्या महिन्यापासून अंगणातल्या दोरीवर तुझ्या त्या दिवसांतल्या कापडाच्या घड्यांसोबत आणखी काही घड्या वाळत घातलेल्या दिसायच्या. पाऱ्यातल्या बायका काय काय मोजतात ते तुला माहीत होतं. घराघरांत सांगितलंस, "पोट्टी मोठी झाली आता, तिले नाही पाठवता येत." त्यात एक घर सुटलं, तरी सांगितलंस. मला वाटायचं, मी तुला कशी फसवली! सातवीत खरंच वेळ आली तेव्हा मी तोंडही उघडलं नव्हतं. तू नवीन कापड समोर ठेवून म्हणालीस, "आता खरं आहे. सांभाळ."

म्हणून तुला माफ केलं असं समजू नको. वळण लावलं म्हणणाऱ्यांना मी काल सगळ्यांदेखत सांगितलं, "ते वळण नव्हतं, मजुरी होती." आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्या पोट्टीच्या शेजारी फतकल मारून बसली, कणकेत हात घातला आणि म्हटलं, "काकू, सांगायचं राहिलंच. माझा आज दुसरा दिवस आहे."

तेच परत, आई. किंचाळणं, गोमूत्र, सगळं ओतून टाकणं. मी पोट्टीला दंडाला धरून ओसरीवर आणलं, पर्समधला सकाळचा कोरा पेपर तिच्यापुढे ठेवला. "लिहशील?" "हव दीदी," म्हणाली, हात फ्रॉकला पुसले आणि खाली मान घालून लिहायला लागली. तिची आई दारात येऊन माझ्यावर ओरडली, "दीदी, तुम्ही आमच्या पोटावर पाय देऊन राहिल्या!" खरंच आहे तिचं. तिला सगळं एकटीने परत रांधावं लागलं आणि मला कशाला हात लावायची सोय नव्हती. मी एवढंच म्हटलं, "रागाव माझ्यावर. पण उद्याही हिला न्यायला मी येणार." वेळ टळून गेल्यावर पेपर घेतला म्हणून हेडमास्तर काय म्हणायचं ते म्हणोत, आणि मला यापुढे पाऱ्यातलं कुणी सवाष्ण नाही बोलावलं तरी चालेल.

तू गेलीस, हे पत्र आता कुठे पाठवणार? तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवते आहे. फक्त तुला म्हणून सांगते, काल मला काहीच झालेलं नव्हतं. तू तिथे असतीस तर माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं असतंस, आणि गप्प बसली असतीस.