मेव्हण्याकडे वटारून बघताना

३ जानेवारी
मेव्हण्याने माझ्या चष्म्याच्या दुकानासमोरच चष्म्याचं दुकान टाकलं. फ्रेमचा स्क्रू पिळायला मीच शिकवलं होतं त्याला. ठरवलं, काउंटरवरून दिवसभर त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं. माणूस नजरेनेच खचतो. वर्षाच्या आत शटर पाडायला लावतो.

२० फेब्रुवारी
सरावाचा परिणाम. आरशात पाहिलं, डोळे चांगलेच बाहेर आलेत. एक बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, हा माणूस उगाच रागावलाय, चल, समोर बघू. माझे कान तिखट. म्हणजे नजर काम करतेय.

९ मार्च
भूक दुप्पट, तरी वजन उतरतंय. सूड मानवलाय अंगाला. हात थरथरतात, स्क्रू धरवत नाही. हल्ली स्क्रू फारच बारीक काढतात. पापण्या माझ्याच चष्म्याच्या काचांना घासतात. फ्रेमवाल्याला फोनवर झापलं. भिकार माल.

११ मार्च
बायको म्हणते, झोपेतही तुमचे डोळे अर्धे उघडे असतात. म्हटलं, धंदेवाला माणूस असाच झोपतो.

४ एप्रिल
आज समोर दोन मेव्हणे दिसले. एकाचा बंदोबस्त होईना, त्यात हा दुसरा.

५ एप्रिल
बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी माझा जुना फोटो चेहऱ्याशेजारी धरला, गळा चाचपला. थायरॉइड बिघडलाय म्हणे. डोळ्यांमागचे स्नायू सुजून डोळे पुढे ढकलतायत. मी म्हटलं, राग आहे तो. म्हणाल्या, रागाने डोळे मोठे दिसतात, पुढे येत नाहीत. सिगारेट आजपासून बंद. आणखी टाळलं असतंत तर नजर गेली असती. चष्मेवाल्याची!

वाटेत बायकोला विचारलं, तुला कसं सुचलं? म्हणाली, भाऊ महिनाभर मागे लागलाय, ताई, भाऊजी पापणी लववत नाहीत, हे रागाचं नाही, दाखवून आण.

म्हणजे तोही तिकडून माझ्याकडे टक लावून बघत होता. नालायक. आता सोडत नाही.

१६ एप्रिल
गोळ्या चालू. डोळ्यांत थेंबही. माझा हात थरथरतो, बायकोचा नेम गालावर. म्हणून मेव्हणा शटर अर्धं ओढून येतो, रोज. आज मान मागे टाकून, होती नव्हती ती ताकद लावून त्याच्याकडे वटारून बघितलं.

अगदी असंच धरा, भाऊजी, म्हणाला, आणि दोन्हीकडे एकेक थेंब टाकला.