आईची अर्धी गोळी

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ७.४०. भात शिजत लावून लिहितोय.

आईला साकीनाक्याच्या पालिकेच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या मी औषधवाल्याकडून उधारीवर का होईना, वेळेवर आणतो, तरी साखर का वाढते? बाहेर एवढी रांग असूनही डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, “मावशी, गोळी अर्धी करून घेता ना?”

आई म्हणाली, “महिनाभर पुरवायची असते गो बाय.”

अर्धी गोळी. रोज समोर जेवतो, मला कसं दिसलं नाही?

बाई ओरडल्या नाहीत. “ही तोडून चालत नाही. इथली फुकट मिळते, पुरी घ्या. आणि पुरवायचा प्रश्न आला तर मला सांगा, सुरीला नको.”

आई हसली. डॉक्टरसमोर हसताना तिला पहिल्यांदाच पाहिलं.

खर्च: रिक्षा जाऊन-येऊन बावन्न, केसपेपर दहा. उधारी: औषधवाल्याचे दोनशे चाळीस. आता वाढणार नाहीत.