लुवेना, ओरिल, टी-४० आणि बेडूक

३ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून बाबांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानाची घडी मी बसवणार. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन २ एप्रिलला आहे. पुढचे तीन महिने किल्ल्या कोणाकडे, ते १ तारखेला सांगतो म्हणाले. उमेदवार दोन. मी (मेकॅनिकल, डिस्टिंक्शन) आणि काउंटरवरचे काका (अठ्ठावीस वर्षं, कानावर पेन्सिल). मला किल्ल्यांचा मोह नाही. योग्य माणसाकडे जाव्यात, एवढंच.

३ मार्च, संध्याकाळी ६
मूळ रोग सापडला: नावं. गाडी एकच, पण एका देशात ती वाऱ्याच्या नावाने विकतात, दुसऱ्यात पक्ष्याच्या, आणि जिथली माणसं फार गंभीर असतात तिथे नुसत्या आकड्याने. आपल्याकडे बाहेरून वापरलेल्या गाड्या येतात, त्यांच्यावर बिल्ले तिकडचेच. गिऱ्हाईक एक नाव सांगतं, खोक्यावर भलतंच असतं.
काका नाव विचारतच नाहीत. जुना पार्ट आणा म्हणतात. तो तळहातावर तोलतात, कडेवरून बोट फिरवतात आणि आत जाऊन न बघता खोकं काढतात. ही पद्धत नव्हे. सवय आहे.
संकल्प: २८ दिवसांत सगळ्या देशांतली सगळी नावं एका तक्त्यात. नियम एकच. सर्व मापं जुळली तरच दोन नावांची गाडी एक मानायची.

६ मार्च
१४३ नावं झाली. इथली लुवेना आणि बाहेरून येणारी ओरिल एकच आहे, असं काकांचं म्हणणं. दोन्हींना ते बेडूक म्हणतात. सगळे मेकॅनिकही म्हणतात, हेडलाइट वर आलेले आहेत म्हणून. बेडूक हे नाव कुठल्याही देशात नोंदलेलं नाही, असं मी दाखवून दिलं. काका म्हणाले, मग आपण नोंदवू या की, इंजिनीअर बाई.
मापं काढली. लुवेना ४,०३० मिलिमीटर, ओरिल ४,०१५. फरक १५. म्हणजे दोन वेगळ्या गाड्या. काका म्हणाले, अगं, इकडच्या नियमासाठी नुसतं थोबाड पुढे काढलंय, पोटात तेच आहे. थोबाड आणि पोट हे रकाने माझ्या तक्त्यात नाहीत.

१० मार्च, दुपारी ४
सगळी शेल्फं नावांप्रमाणे लावली. टी-४० नावाची गाडी या देशात कधी विकलीच गेलेली नाही, आणि रस्त्यावर तो बिल्ला मी एकदाही पाहिलेला नाही. तिचे १९ पार्ट्स एका खोक्यात भरून वर मार्करने ‘निकाली’ लिहिलं. चिकटपट्टी मारून खोकं दाराआड ठेवलं. काका आता त्यावर बसून चहा पितात. खोक्याचा निदान काहीतरी उपयोग झाला.

१२ मार्च
तक्त्याची पहिली खरी परीक्षा. सिग्नलला रोज दिसते ती शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशी आल्या. वॉटर पंप गेलाय, व्हॅन घरी अंगणात उभी. अकरा मुलं. सोमवारपासून परीक्षा, आणि सोमवारी व्हॅन आली नाही तर दुसरी लावू, असं पालकांनी सांगितलंय. जुना पंप त्यांनी पिशवीत घालून आणला होता. काकांनी हात पुढे केला. मी मध्ये गेले. म्हटलं, पंप नको, गाडीचं नाव सांगा.
ओरिल.
तक्ता चार सेकंदांत उघडला. ओरिलचा वॉटर पंप: शिल्लक नाही. लगेच बाहेरच्या देशात ऑर्डर टाकली. नऊ दिवस. सोमवारपर्यंत नाही का होणार, बाळा, असं मावशींनी विचारलं. मी त्यांना ट्रॅकिंग नंबर दिला. त्या काकांकडे बघत राहिल्या. काका छताकडे बघत होते. मीही वर पाहिलं. छताला काही झालेलं नव्हतं.

१६ मार्च, सोमवार, सकाळी ८.०५
सिग्नलला मावशींच्या व्हॅनसारखी व्हॅन दिसली. रंग तोच, मागच्या काचेवर कार्टूनचं स्टिकरही तेच. आत अकरा मुलं. चालवणाऱ्या बाईही बऱ्यापैकी तशाच होत्या. बहुधा बहीण.
मावशींची सोय झाली, हे बरं झालं.

१९ मार्च
निकाली खोक्याची चिकटपट्टी निघालेली. आत १८ पार्ट्स. दोनदा मोजले. माझ्याकडून मोजण्यात चूक होणं शक्य नाही, म्हणजे उंदीर. काकांना सांगितलं. ते म्हणाले, असेल बुवा, हल्ली उंदीर काहीही नेतात. बाबांना औषध आणायला सांगितलं. त्यांना एकदम ठसका लागला. बराच वेळ लागला होता. गुडघ्याबरोबर छातीही दाखवून घ्यायला हवी.

२३ मार्च
पंप आला नाही. पार्सल कुठेतरी अडकलंय. दोष वाहतुकीचा, तक्त्याचा नाही.
सिग्नलला मावशींच्या बहिणीने मला हात केला. मनमोकळं कुटुंब आहे.

२७ मार्च
तक्ता पूर्ण. ४१२ नावं, ३८ देश. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. छान केलंयस म्हणाले. मग विचारलं, यात बेडूक कुठाय? त्यांना विषय कळलेला नाही. तरी किल्ल्यांचं जवळपास ठरल्यासारखं वाटतं. जुडग्याला नवीन रिंग पाहून ठेवली. मोह म्हणून नाही. जुनी गंजली आहे.

३१ मार्च, दुपारी १
पार्सल आलं. स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं.

३१ मार्च, दुपारी ३.३०
खोक्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: ओरिल / लुवेना / टी-४०. वाटेत वाचलं. छपाईची चूक धरून चालले.
मावशी अंगणात व्हॅन धूत होत्या. इंजिन चालू होतं. मी बहिणीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, मला कुठली बहीण? १२ तारखेलाच संध्याकाळी काका दाराआडच्या खोक्यातला पंप घेऊन आले होते, चाळीस मिनिटांत बसवून गेले. बाबांना विचारूनच. आणि बजावून गेले, की पोरीला सांगू नका, जीव लावून करतेय, उगाच हिरमोड होईल.
मी टेप काढून मावशींच्या व्हॅनचा पुढचा बंपर मोजला. मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या लुवेनाचा. फरक १५ मिलिमीटर, सगळा थोबाडात.
मावशींनी पाणी विचारलं. मी घेतलं.

१ एप्रिल, सकाळी ९.१०
बाबांनी सांगायच्या आधीच मी सांगितलं, किल्ल्या काकांना द्या. बाबा म्हणाले, नक्की ना? नक्की म्हटलं. काकांनी त्या शर्टाच्या खिशात टाकल्या, खिसा खाली ओढला गेला. नवी रिंग मी आणलीच होती, ती दिली.
नवा पंप कुठे ठेवू, विचारलं. तुला सापडेल तिथे ठेव, म्हणाले.

१ एप्रिल, संध्याकाळी ६
तक्त्यात डावीकडे एक रकाना वाढवला. काका सांगत गेले, मी भरत गेले. बेडूक. पेटी. नाकाडी. सासू (रिव्हर्स घेताना ओरडते). ४१२ नावांच्या ९७ गाड्या झाल्या.
उद्या बाबांचं ऑपरेशन. परवापासून नऊ वाजता काउंटरवर. आधी डोळे मिटून बेअरिंग ओळखायला शिकायचं आहे. हे एका आठवड्यात जमेल.
उंदरांचं औषध परत केलं. दुकानदाराने कारण विचारलं. उंदीर नाहीत म्हटलं.