साहेब येणार म्हणून सारवलेले घर

दिंद्रूड, निजाम इलाखा, ता. १२ खुर्दाद १३३० फसली, सकाळी साडेसात. बोरू तासून लिहायला बसलो आहे.

मेहेरबान तहसीलदारसाहेबांस,

बायनाबाईचा धान्याचा अर्ज मी लिहिला. तो वाचून आपले डोळे भरून आले आणि आज आपण स्वतः घर पाहून ज्वारी मंजूर करणार, असे शिपाई सांगून गेला. ती चुलीपाशी रडत बसते, असे मी लिहिले होते. चूल थंड आहे हे खरे. रडताना मी तिला कधी पाहिले नाही. पण न रडणाऱ्या बाईला ज्वारी कोण देतो?

आत्ताच तिच्याकडे जाऊन आलो. तिने घर सारवले आहे, रांगोळी घातली आहे. शेजारच्या छबुबाईचे कोरे लुगडे नेसली आहे आणि गूळही उसना आणला आहे.

"मावशे, हे कावून केलं? साहेब म्हनतील, हिला काय कमी हाय?"

"मंग पाव्हण्याला उकिरड्यात बसवू व्हय? लई शिकलास बाबा!"

"घरात दाणा न्हाई, ते दिसाया नको?"

"ते तू कागदात लिवलंस की. घरात मी हाय."

साहेब, कणगीत हात घाला, तो थेट तळाला टेकेल. मात्र तिने दिलेला गूळ खा. तो नाकारलात, तर मंजूर झालेली ज्वारीही ती घेणार नाही. पण हे कळवावे, तर माझ्या अर्जातली रडणारी बाई कुठली, असे आपण विचाराल.

आपला घोडा वेशीत आला आहे. कागद अजून माझ्याच हातात आहे.

आपला ताबेदार,
गहिनीनाथ, अर्ज लिहिणारा